विभागाचा निधी, रहिवाशांचा कौल

मागच्या अंकात आम्ही एक टिपण दिलं होतं. एका विभागातल्या सोसायट्या, चाळी आणि मंडळं मिळून थोडा पैसा एकत्र करतात, त्या भागात काम करणाऱ्या सेवाभावी संस्था आपापले प्रकल्प मांडतात, आणि कुठल्या प्रकल्पाला पैसा द्यायचा हे रहिवासी मतदानानं ठरवतात, असा त्याचा विषय होता. सोयीसाठी याला ‘विभाग निधी’ म्हणू. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं देत आहोत.

आमच्याकडे चौदा सोसायट्या आणि एक सार्वजनिक मंडळ आहे. घरटी वर्गणी काढून सहा लाख रुपये जमतील असा अंदाज आहे. मतदान कसं घ्यायचं ते सांगा.
— कन्नमवार नगर, विक्रोळी

मतदानाचं पुढे सविस्तर येईलच. त्याआधी हे सहा लाख कुणाच्या नावावर राहणार ते ठरवा. सगळ्यात जास्त निधी इथंच फसतात. उत्साहात कुणीतरी खजिनदार होतो, त्याच्या स्वतःच्या यूपीआय क्रमांकावर पैसे यायला लागतात, आणि दोन महिन्यांनी त्याच्या पासबुकात वर्गणी, पगार आणि गॅसचं बिल एकमेकांत मिसळलेलं असतं. माणूस सचोटीचा असला तरी हिशेब सिद्ध करता येत नाही. शिवाय ते पैसे त्याच्या खात्यावर आले म्हणजे आयकर खात्याच्या लेखी ते त्याचेच धरले जाऊ शकतात.

धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करणारा गट नोंदणीकृत न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. ती ठरावीक मुदतीची असते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. एका उत्सवाला ती पुरते. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या निधीला मात्र ती गैरसोयीची.

मग दोन वाटा उरतात. विभागात आधीच नोंदणी असलेला, हिशेब नियमित देणारा एखादा न्यास असेल तर त्याच्या विश्वस्तांचा ठराव घेऊन त्याच्या नावावर स्वतंत्र बँक खातं उघडा. खात्यावर तीन सह्या नोंदवा, त्यांपैकी कुठल्याही दोन आवश्यक ठेवा, आणि तिघांपैकी निदान एक जण न्यासाबाहेरचा, सोसायट्यांनी निवडलेला असू द्या. बाहेरच्या माणसाला सही द्यायला बँक तयार होते, पण ठरावात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुसरी वाट नवी संस्था नोंदवायची: किमान सात सभासद, १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि पाठोपाठ १९५० च्या कायद्याखालची नोंदणी. मुंबईकरांसाठी दोन्ही कामं वरळीच्या धर्मादाय कार्यालयात होतात. पहिल्या वर्षी पहिली वाट धरावी असं आमचं स्पष्ट मत आहे. लोक दुसऱ्या वर्षीही उत्साहानं आले तर नोंदणीच्या मागे लागा.

आणखी एक. पावती फाडताना ‘देणगीदार भारतीय नागरिक आहे का’ हा रकाना ठेवा. परदेशात नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर अडचण नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तीच रक्कम विदेशी अंशदान ठरते, मग ती इथल्या आईवडिलांच्या इमारतीसाठी का असेना. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. विभाग निधीचं कामच मुळी संस्थांना पैसा देण्याचं, म्हणून असे पैसे नम्रपणे परत करा.

आमच्या सोसायटीची शिल्लक चांगली आहे. सिंकिंग फंडातून दोन लाख या निधीला दिले तर चालतील का?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, चारकोप

नाही. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी इमारतीसाठी आहेत, आणि सर्वसाधारण सभेनं एकमतानं ठराव केला तरी त्यांचं प्रयोजन बदलत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६९ मध्ये सार्वजनिक कामाला पैसे देण्याची सोय आहे. मात्र ते पैसे राखीव निधी आणि शिक्षण निधी बाजूला काढल्यावर, निव्वळ नफ्याच्या जास्तीत जास्त २० टक्क्यांतून आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या संघीय संस्थेच्या (सहकारी संस्थांच्या संघाच्या) मान्यतेनंच द्यायचे असतात. आपल्याकडच्या बहुतेक गृहनिर्माण संस्थांचा निव्वळ नफा तो केवढा! त्यामुळे सभासदांनी व्यक्तिशः, खुशीनं वर्गणी द्यावी आणि निधीची वेगळी पावती घ्यावी हे बरं. मेंटेनन्सच्या बिलात ती ओळ घालू नका. घातली की कुणीतरी ती थकवतो, व्याज लागतं, आणि चांगल्या कामाची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते.

सोसायटीनं सभागृह द्यावं, सूचनाफलक द्यावा, मतपेटी ठेवायला गेटजवळची जागा द्यावी. त्याची किंमतही कमी नाही.

गेल्या वर्षी आम्ही हात वर करून मतं घेतली. दोन मोठे प्रकल्प निवडून आले, सगळा पैसा त्यांतच संपला. बैठ्या चाळीतले लोक यंदा वर्गणी द्यायला नाही म्हणतात. चूक कुठे झाली?
— लालबाग

चूक मोजण्याच्या रीतीत झाली. म्हणून हे उत्तर जरा लांबवतो, कारण बहुसंख्य ठिकाणी हीच रीत वापरली जाते.

समजा निधी ६,००,००० रुपये आहे आणि ३०० जणांनी मत दिलं. चार प्रकल्प आहेत. अभ्यासिका: खर्च ३ लाख, मतं २००. व्यायामशाळेचं साहित्य: ३ लाख, मतं १९०, आणि हे १९० जण अभ्यासिकेलाही मत दिलेलेच. पाळणाघर: १ लाख २० हजार, मतं १००. कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी हातगाड्या, हातमोजे आणि वर्गीकरणाची शेड: ८० हजार, मतं १००. शेवटच्या दोन्ही कामांना मत देणारे शंभर जण तेच, आणि पहिल्या दोनशेंपैकी त्यांत कुणी नाही.

सर्वाधिक मतं असलेल्या कामापासून पैसा वाटत गेलं की अभ्यासिका आणि व्यायामशाळा मिळून सहा लाख संपले. तीनशेपैकी शंभर, म्हणजे एक तृतीयांश रहिवासी, वर्गणी देऊन, मत देऊन रिकाम्या हातानं घरी गेले. कुणी लबाडी केलेली नाही, तरी बैठ्या चाळीची तक्रार खरी आहे.

यावर ‘समान वाटा’ पद्धत आहे. सहा लाख भागिले तीनशे, म्हणजे प्रत्येक मतदाराच्या नावे मनातल्या मनात २,००० रुपये ठेवायचे. काम मंजूर व्हायचं तर त्याचा खर्च त्याला मत देणाऱ्यांच्याच वाट्यातून, सारखा वाटून निघाला पाहिजे. सुरुवात सर्वाधिक मतं असलेल्या कामापासून. अभ्यासिकेचे ३ लाख दोनशे जणांत वाटले की माणशी १,५०० होतात. निघाले, त्या दोनशे जणांकडे आता ५००-५०० उरले. व्यायामशाळेच्या १९० जणांकडे मिळून ९५,०००, हवेत ३ लाख. जमत नाही, बाजूला ठेवा. पाळणाघराच्या शंभर जणांचे २,००० अजून शाबूत आहेत. माणशी १,२०० गेले, पाळणाघर मंजूर, ८०० उरले. हातगाड्या आणि शेडला माणशी ८०० लागतात, तेही मंजूर. एकूण खर्च ५ लाख, शिल्लक १ लाख.

उदाहरण सोपं राहावं म्हणून ते शंभर जण दोन्ही कामांचे समर्थक धरले. प्रत्यक्षात एखाद्याकडे ३०० उरलेले असतात आणि वाटा ४०० चा येतो. तेव्हा त्याच्याकडचे ३०० पूर्ण घ्यायचे आणि कमी पडलेले त्या कामाच्या बाकी समर्थकांत वाटायचे. मतं कमी-जास्त असली आणि काहींचे वाटे आधीच खर्च झालेले असले, की पुढचं काम निवडताना दर वेळी नव्यानं बघावं लागतं: खर्चाच्या मानानं कुठल्या कामात समर्थकांवर कमीत कमी भार पडतो? हे हातानं करता येतं, पण दहाच्या वर प्रकल्प असले तर संगणकावर करा. पोलंडमधल्या वियेलिच्का आणि स्वित्झर्लंडमधल्या आराउ या गावांनी २०२३ मध्ये रहिवाशांच्या मतदानात हीच पद्धत प्रत्यक्ष वापरली. आराउमधला निधी ५०,००० फ्रँकचा होता.

उरलेल्या १ लाखाचं काय? व्यायामशाळेनं ‘पूर्ण ३ लाख’ एवढाच प्रस्ताव दिला म्हणून ती बाहेर राहिली. तिनं १ लाखाचा पहिला टप्पा वेगळा मांडला असता आणि त्या दोनशे जणांनी त्याला मत दिलं असतं, तर त्यांच्या उरलेल्या पाचशे-पाचशेत तो बरोब्बर बसला असता. म्हणून दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक प्रस्तावाला छोटा टप्पा मांडायची अट घाला. एवढं करूनही काही उरलंच तर ते पुढच्या वर्षाकडे न्या, कुणाच्या आग्रहाखातर वाटू नका.

पद्धत कुठली ते प्रस्ताव मागवण्याआधी छापून लावायचं. निकाल दिसल्यावर पद्धत बदलणं म्हणजे निकालच बदलणं. आणि साध्या मोजणीवरच ठाम असाल तर प्रत्येकानं किमान तीन कामं निवडलीच पाहिजेत अशी अट ठेवा, म्हणजे एकगठ्ठा मतांचा जोर थोडा कमी होतो. समान वाट्याच्या पद्धतीत मात्र ही अट नको. नको असलेल्या कामावर खूण करायला लावलं की त्या माणसाचा वाटा तिकडे वळतो.

भाडेकरूंनी मत द्यावं का? वॉचमन, घरकामाला येणाऱ्या बायका यांचं काय? आमच्या बैठकीत यावरून वाद झाला.
— घाटकोपर (पश्चिम)

द्यावं. पाळणाघर, अभ्यासिका, रुग्णोपयोगी साहित्य यांचा उपयोग घराच्या मालकीवर ठरत नाही. आमची सूचना अशी: आखलेल्या हद्दीत राहणारे किंवा गेले सहा महिने नियमित काम करणारे, वय १४ पूर्ण, अशा सगळ्यांना एक मत. वय कमी ठेवायला बिचकू नका. न्यूयॉर्कमध्ये अशा मतदानात ११ वर्षांची मुलं मत देतात. अभ्यासिकेत बसणार कोण, तर दहावी-बारावीची मुलंच ना?

हद्द रस्त्यांच्या नावानं लिहा: अमुक नाल्यापासून तमुक मार्गापर्यंत, दोन्ही बाजू धरून. नुसतं ‘आपला विभाग’ म्हटलं की मतदानाच्या दिवशी गेटवर भांडण ठरलेलं. पुराव्यासाठी विजेचं बिल, रेशन कार्ड, लिव्ह अँड लायसन्सचा करार, झोपडीधारकाचा फोटोपास यांतलं काहीही एक चालेल. काम करणाऱ्यांसाठी कुठल्याही दोन रहिवाशांची सही पुरे. पुरावा बघायचा आणि परत द्यायचा. झेरॉक्स घ्यायची नाही, आधार क्रमांक लिहायचा नाही, मोबाइलमध्ये फोटो काढायचा नाही. नोंदवहीत नाव, इमारत किंवा गल्ली आणि सही, एवढंच. केंद्रं एकापेक्षा जास्त असतील तर इमारती वाटून द्या, म्हणजे एक नाव एकाच वहीत येईल.

मतदान ऑनलाइन घेतलं तर?
— गोरेगाव (पूर्व)

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोलमध्ये कुणी कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. सुनेनं सासऱ्यांच्या मंडळाविरुद्ध मत द्यायचं कसं? गुगल फॉर्ममध्ये एकच माणूस दोन-तीन ईमेल पत्त्यांवरून दोन-तीनदा मत देऊ शकतो. ओटीपी लावला तर घरात फोन एकच असलेल्या कुटुंबातल्या बायकांची आणि आजी-आजोबांची मतं जातात. शिवाय ओटीपीचे एसएमएस पाठवायला संस्थेला दूरसंचार कंपन्यांकडे डीएलटी (संस्थांनी पाठवायच्या एसएमएससाठीची) नोंदणी करावी लागते. हजारभर मतदारांसाठी कागदच बरा. प्रकल्पांची माहिती मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर फिरवा.

प्रस्तावांची छाननी करताना नेमकं काय बघायचं? आमच्याकडे रुग्णोपयोगी साहित्य केंद्राचा प्रस्ताव आला आहे. कल्पना चांगली आहे, पण कागदावर फक्त ‘साहित्य खरेदी: अडीच लाख’ एवढंच लिहिलं आहे.
— दादर

तो कागद परत पाठवा, आणि सोबत हे प्रश्न पाठवा.

कुठलं साहित्य, किती नग? व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर-खाली करता येणारी खाट), अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, प्रत्येकाची वेगळी ओळ हवी. प्रत्येकासाठी तीन कोटेशनं, जीएसटी आणि वाहतूक धरून. ‘अंदाजे’ हा शब्द असलेलं कोटेशन घेऊ नका. एकूण रकमेवर दहा टक्के वाढीव धरा, कारण प्रस्ताव आणि खरेदी यांच्यात चार-पाच महिने जातात.

ठेवायचं कुठे? एक फाउलर बेड साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद जागा अडवतो. दहा बाय बाराच्या खोलीत चार बेड ठेवले तर व्हीलचेअर दारात येते. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये आणि चाळीच्या जिन्यात अख्खा बेड जात नाही, म्हणून सुटा होणारा घ्यायचा, आणि तो जोडायला पाना घेऊन जाणारा माणूस कोण हे आधी ठरवायचं. तळमजल्याची खोली असेल, त्यातून हिंदमाता किंवा परळच्या सखल भागात, तर सगळं साहित्य जमिनीपासून दीड-दोन फूट वर, लोखंडी मांडणीवर. प्लायचं कपाट एका पावसाळ्यात फुगतं.

दुरुस्ती कोण करणार? पेव्हर ब्लॉकवर चालून व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं आधी जातात. एअर बेडचं पंपाला जोडलेलं नळीचं टोक फाटतं. कॉन्सन्ट्रेटरचं मागचं फिल्टर दर आठवड्याला धुवावं लागतं आणि ते धुतलं की नाही याची वही लागते. तो महिनोन्‌महिने बंद ठेवला तरी बिघडतो, म्हणून अधूनमधून चालवून बघायला हवा. हे सगळं लिहून दिलेलं असेल तर ती माणसं हे काम जाणतात असं समजा.

वस्तू परत कशा येणार? हाच सगळ्यात नाजूक भाग. अनामत रक्कम घ्यावी, पण परवडत नसेल त्याला ती माफ करण्याचा अधिकार कुणाला, हे ठरलेलं असावं. बऱ्याच वस्तू रुग्ण गेल्यानंतर त्या घरातच राहतात. कुणी मुद्दाम ठेवून घेत नाही, दुःखात लक्षात राहत नाही. लगेच फोन करणं बरं दिसत नाही आणि तीन महिन्यांनी केला तर वस्तू गावी गेलेली असते. तेराव्यानंतर आठवड्याभरात स्वतः घरी जाऊन, विचारपूस करून वस्तू आणायची, असं ज्या संस्थेनं आपल्या नियमांत लिहिलंय तिला आम्ही दोन गुण जास्त देऊ.

आता संस्थेचे कागद. सार्वजनिक न्यास नोंदणीचा शेड्यूल वनचा ताजा उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, आयकर सवलतीची नोंदणी असल्यास तिची प्रत. उताऱ्यावरचे विश्वस्त आणि अर्जावर सही करणारे विश्वस्त जुळतात का बघा. पुष्कळ चांगल्या संस्थांचे बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचे अर्ज) वर्षानुवर्षं प्रलंबित असतात, त्यामुळे तेवढ्यानं बाद करू नका. बदल अर्जाची पोच मागा. नोंदणीच नसलेल्या छोट्या गटांना, महिला मंडळांना किंवा बचत गटांना एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या आधारानं अर्ज करू द्या. नाहीतर सगळा पैसा लेटरहेडवाल्यांकडेच जाईल.

जागेची परवानगी प्रस्तावासोबतच हवी. फुटपाथवर बाक, झाडाभोवती पार, उद्यानात व्यायामाचं साहित्य, यांना महापालिकेची परवानगी लागते. म्हाडा वसाहतीतल्या मोकळ्या भूखंडावर काही उभं करायचं तर म्हाडाची ना हरकत लागते. झाडाची एक फांदीही उद्यान विभागाच्या परवानगीशिवाय छाटता येत नाही. ‘परवानगी मिळेल’ या भरवशावर काम मतपत्रिकेवर घेतलं आणि निवडून आल्यावर अडकलं, तर तो पैसा वर्षभर नुसता पडून राहतो आणि लोकांचा विश्वास जातो तो वेगळाच.

छाननी समितीला प्रस्ताव नापसंत आहे म्हणून वगळण्याचा अधिकार नाही. हद्द, खर्च, परवानगी, कागद, एवढ्याच चार कारणांवर नकार द्यायचा, तो लेखी द्यायचा आणि दुरुस्तीला आठ दिवस द्यायचे. समितीतला कुणी अर्जदार संस्थेत पदाधिकारी असेल तर त्यानं त्या दिवशी खोलीबाहेर बसायचं.

नगरसेवक, आमदार यांचा निधी किंवा महापालिकेचं बजेट अशा मतदानानं ठरवता येईल का?
— मुलुंड (पूर्व)

बंधनकारक पद्धतीनं नाही. आमदार-खासदारांच्या निधीत लोकप्रतिनिधी काम सुचवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. तुमच्यासाठी ते वांद्रे पूर्वेचं उपनगर जिल्ह्याचं कार्यालय. रहिवाशांचं मतदान तिथं शिफारस म्हणून उपयोगी पडतं. ‘अमुक इतक्या मतदारांपैकी इतक्यांनी या कामाला कौल दिला’ असं पत्र, मोजणीच्या तक्त्यासह दिलं तर नुसत्या निवेदनापेक्षा त्याचं वजन निश्चित जास्त.

हा विचार १९८९ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात महापालिकेच्या पैशावरच सुरू झाला. आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. २००६ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, कामं छोटी, आणि शेवटची निवड प्रशासन व प्रभाग समितीच्या हातात; थेट मतदान तिथंही नाही. मुंबईत १९९० च्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनपासून एएलएमची (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांच्या गटांची) चळवळ वाढली, ती कचऱ्याच्या प्रश्नावर. ज्या गल्ल्यांत एएलएम जिवंत आहे तिथं विभाग निधी लवकर रुजेल, कारण घराघरात कोण राहतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दलही (सामाजिक कामांसाठी कंपन्या देतात त्या पैशाबद्दल) विचारलंय. पैसा घेणाऱ्या संस्थेकडे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी हवी आणि निर्णय शेवटी कंपनीच्या मंडळाचाच असतो. मतदानाआधी कंपनीकडून ‘पहिल्या क्रमांकाच्या कामाला आम्ही पैसे देऊ’ असं तोंडी आश्वासन घेऊन ते जाहीर करू नका.

एक पथ्य पाळा: निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असताना असं मतदान घेऊ नका, आणि एरवीही मतदान केंद्रावर कुठल्याच लोकप्रतिनिधीचा फोटो नको.

मतदान आणि मोजणी यांवर कुणाला बोट ठेवता येऊ नये यासाठी काय करावं?
— भांडुप (पश्चिम)

दिवस आधी निवडा. मे महिन्यात निम्मी मुंबई गावी असते, पावसाळ्यात लोक थांबत नाहीत, गणपती-नवरात्रात मंडळांना वेळ नसतो, फेब्रुवारीपासून परीक्षा. दिवाळीनंतर ते जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. सूचना मागवायला तीन आठवडे, छाननीला चार, प्रकल्पांच्या प्रदर्शनाला एक, आणि मतदान नऊ दिवस, म्हणजे दोन रविवार आत येतात. वेळ सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते साडेनऊ. दुपारी केंद्र उघडं ठेवून फक्त कार्यकर्ते थकतात.

मतपत्रिकेवर बारापेक्षा जास्त प्रकल्प नकोत. प्रत्येकाला क्रमांक, छोटं चित्र, संस्थेचं नाव, खर्च आणि दोन ओळी, मराठी-हिंदीत, आणि वस्तीप्रमाणे गुजराती, उर्दू किंवा तमिळमध्येही. यादीत वर असलेल्या नावाला मतं जास्त पडतात, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या क्रमांत छापून गठ्ठे मिसळा. प्रकल्पाचा क्रमांक मात्र सगळीकडे तोच. मतपत्रिकेवर अनुक्रमांक नको, नाहीतर गुप्तता जाते. त्याऐवजी देताना मागे दोघांच्या सह्या करा. छापलेल्या किती, दिलेल्या किती, खराब किती, उरलेल्या किती, ही बेरीज रोज रात्री जुळवून पेटीवर सील लावा.

मोजणीच्या दिवशी सगळ्या पेट्या एकत्र ओतून कागद मिसळा, आणि मगच प्रत्येक मतपत्रिकेवर १, २, ३ असे क्रमांक घाला. आता ते कुणाचं मत हे कळायला मार्ग नाही, पण तक्त्यातली प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून बघता येते. एक जण वाचेल, दुसरा कागद बघेल, दोघं दोन वेगवेगळ्या तक्त्यांत भरतील; पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यानंतर दोन्ही तक्ते जुळवायचे. हे टेबल अर्जदार संस्थांच्या प्रत्येकी एका प्रतिनिधीसमोर चालावं. पूर्ण तक्ता सूचनाफलकावर लावा, फक्त बेरीज नव्हे. आक्षेपाला सात दिवस, आणि तोवर मतपत्रिका सीलबंद.

पैसे दिले आणि काम झालंच नाही तर?
— वरळी कोळीवाडा

म्हणून एकरकमी देऊच नका. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार करा: काम काय, किती दिवसांत, कुठल्या वस्तू, आणि संस्था बंद पडली तर त्या वस्तू कुणाकडे जाणार. मग ४० टक्के सुरुवातीला, ४० टक्के पहिल्या रकमेची बिलं आल्यावर, २० टक्के काम सहा महिने नीट चालल्यावर. छोट्या महिला गटाला मात्र पहिला हप्ता ६० टक्के द्या. त्यांच्याकडे आधी खिशातून घालायला पैसा नसतो, आणि दुकानदार त्यांना उधारी देत नाही.

बिलं संस्थेच्या नावानं आणि चेक किंवा बँक हस्तांतरानंच दिलेली हवीत. नव्वद दिवसांत काम सुरू झालं नाही तर रक्कम परत घेऊन यादीतल्या पुढच्या कामाला द्यायची, हे करारातच असू द्या, म्हणजे तेव्हा कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी दोघांनी न कळवता जाऊन यावं. अभ्यासिका असेल तर रात्री नऊनंतर जा: सगळ्या ट्यूब लागतात का, मुलींसाठीच्या शौचालयाला आतून कडी आहे का, वीजबिल कुणाच्या नावानं येतंय आणि शेवटचं भरलंय का. आणि चावी कुणाकडे आहे ते बसलेल्या मुलांनाच विचारा. त्यांना एकाच माणसाचं नाव माहीत असेल तर दुसरी चावी दुसऱ्या घरी ठेवायला सांगा, ती ठेवली की मग चेकवर सही करा.